‘फ्लोअर लोड: मंजूर’ – एका सर्व्हर खोलीच्या स्थलांतराचं प्रकरण

पार्श्वभूमी

संस्था मध्यम आकाराची. तिची सर्व्हर खोली तळमजल्यावर होती आणि जोराचा पाऊस झाला की एका भिंतीतून पाणी झिरपायचं. दोनदा केबलच्या खोबणीत पाणी साचल्यावर खोली तिसऱ्या मजल्यावर हलवायचं ठरलं. तिथं ३० चौरस मीटरची एक बैठकीची खोली वापराविना पडून होती. इमारत कार्यालयासाठी बांधलेली. मूळ नकाशांवर त्या मजल्याचा लाइव्ह लोड, म्हणजे माणसं आणि सामान मिळून स्लॅबनं पेलायचा भार, ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर असा लिहिलेला होता (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोंचं वजन). कार्यालयांसाठी हा आकडा साधारण अडीच ते चारच्या दरम्यान असतो, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं.

हलवायचं सामान असं: पूर्ण उंचीचे सहा रॅक, म्हणजे सर्व्हर बसवलेली कपाटं, ३० केव्हीए क्षमतेचे दोन यूपीएस (वीज गेली की बॅटरीवरून ती पुरवणारे; एक बंद पडला तर दुसऱ्यानं सगळं पेलायचं), आणि प्रत्येक यूपीएसला १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या ४० शिसे-आम्ल बॅटऱ्या. एसी नवे बसवायचे होते. जुन्या बॅटऱ्यांचं आयुष्य संपत आलेलं होतं, म्हणून त्याही नव्या मागवल्या.

कामात चार बाजू होत्या: संस्थेची सिस्टिम्स टीम, इलेक्ट्रिकल कंत्राटदार, एसीचा कंत्राटदार आणि इमारतीचे देखभाल पर्यवेक्षक. सगळ्यांना जोडणाऱ्या समन्वयक प्रशासन विभागातल्या होत्या. कामाला चोख, पण तांत्रिक शिक्षण नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर ‘गरज पडल्यास’ बोलवायचे होते. ती गरज पडली आहे हे कोण ओळखणार, हे मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

समन्वयकांनी एक शीट बनवली. रकाने चार: बाब, लोड, जबाबदार व्यक्ती, स्थिती. पुढचं सगळं प्रकरण या दुसऱ्या रकान्यात घडतं.

एकच शब्द, चार कान

मराठी माणसाला ‘लोड’ काही नवा नाही. बैठकीवर टेकायला घेतात तोही लोडच, आणि परीक्षेच्या आधी मित्र ‘लोड घेऊ नकोस’ म्हणतो तोही. पण या चौघांच्या कानांवर पडणारे लोड याहून जास्त फसवे होते, कारण ते एकाच खोलीबद्दल होते.

इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला लोड म्हणजे किलोवॉट. त्यातही दोन प्रकार. सगळ्या यंत्रांवरच्या पाट्यांचे आकडे जोडले की येतो तो जोडभार. प्रत्यक्षात एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज खेचली जाते ती कमाल मागणी, आणि ती जवळजवळ नेहमीच कमी असते. शिवाय त्याच्या बोलण्यात जे यंत्र वीज खातं तेही लोडच. ‘तो लोड काढा’ म्हणजे त्या यंत्राची लाइन सोडवा.

एसीवाल्याला लोड म्हणजे उष्णता. सर्व्हर जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच बाहेर पडते. ३.५१७ किलोवॉट म्हणजे एक टन, या हिशेबानं तो किलोवॉटचे टन करतो. हा टन वजनाचा नव्हे, पण शीटमध्ये नुसतं ‘टन’ लिहिलं तर ते कळायला मार्ग नाही.

सिस्टिम्स टीमचा लोड तर एककाविनाच असतो. लिनक्सवर ‘लोड ॲव्हरेज’ नावाचे तीन आकडे दिसतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांत सरासरी किती प्रक्रिया (चालू प्रोग्रॅम) प्रोसेसरवर चालू होत्या किंवा रांगेत होत्या, डिस्कसाठी खोळंबलेल्याही धरून. आठ कोअरच्या, म्हणजे एका वेळी आठ कामं करू शकणाऱ्या, सर्व्हरवर ८ म्हणजे कामं आणि कोअर बरोबरीत, २० म्हणजे रांग लागली आहे. त्याला ना किलो, ना वॉट.

इमारतीच्या पर्यवेक्षकांना लोड म्हणजे वजन. त्यांच्या अनुभवात तो शब्द लिफ्टच्या पाटीवर भेटतो: ८ व्यक्ती, ६३० किलो.

पाचवा कान स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. त्याच्यासाठी नुसतं वजनही पुरत नाही, ते कुठं, किती जागेवर आणि किती काळ हे लागतं. तो कान बैठकीत नव्हता.

या सगळ्यांत एक फरक मला एककांपेक्षाही मोठा वाटतो. मर्यादा ओलांडली की काय होतं, हा. सर्व्हरवर लोड वाढला तर तो मंदावतो, कामं संपली की सावरतो. वीज जास्त खेचली तर एमसीबी पडतो, कुणीतरी जाऊन तो पुन्हा वर करतो. खोली तापली तर अलार्म वाजतो. स्लॅबला एमसीबी नसतो. तो मुकाट्यानं थोडा वाकतो, आणि भार कायमचा असेल तर काँक्रीट पुढं महिनोन्‌महिने थोडं थोडं वाकत राहतं. ज्यांच्या लोडची चूक रोजच्या रोज दुरुस्त होते, त्या माणसांच्या तोंडी हा शब्द हलका होतो. बैठकीला बसलेले बहुतेक जण त्यातले होते.

अडचण कशी तयार झाली

शीटमध्ये एक ओळ होती, ‘फ्लोअर लोड’. समन्वयकांनी ती कुठल्यातरी जुन्या यादीवरून घेतली होती आणि त्यांच्या मनात ‘मजला हे सगळं पेलेल ना’ एवढाच प्रश्न होता. शीट आधी इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडे गेली. त्याच्या धंद्यात फ्लोअर लोड म्हणजे त्या मजल्याच्या पॅनेलवरचा एकूण विजेचा भार. त्यानं जोडभार काढला, २४ लिहिलं, आणि इमारतीच्या मंजूर भारात तेवढी जागा शिल्लक असल्यानं स्थितीच्या रकान्यात ‘मंजूर’ लिहिलं. त्याच्या अर्थानं दोन्ही नोंदी अचूक होत्या.

समन्वयकांनी वाचलं: फ्लोअर लोड, २४, मंजूर. मजल्याचा प्रश्न सुटला.

दुसरी ओळ ‘लोड टेस्ट’. सिस्टिम्स टीमनं नव्या मांडणीवर हजारो कृत्रिम वापरकर्ते सोडून चाचणी घेतली होती, त्यांनी ‘पूर्ण’ लिहिलं. इलेक्ट्रिकल बाजूला लोड टेस्ट म्हणजे यूपीएसला लोड बँक, म्हणजे मोठाले रोधक, जोडून तो ठरलेली वीज ठरलेला वेळ देतो का हे पाहणं. ते झालेलं नव्हतं, पण ओळीवर ‘पूर्ण’ दिसल्यानं कंत्राटदाराला वाटलं की यूपीएस पुरवणाऱ्यानं ते परस्पर उरकलं असावं. इमारतीच्या भाषेत याच शब्दाचा तिसरा अर्थ आहे: स्लॅबवर वाळूच्या गोण्या किंवा पाणी ठेवून तो किती वाकतो आणि भार काढल्यावर किती परत येतो ते मोजणं. तो तर कुणाच्या डोक्यातही नव्हता.

तिसरी ओळ ‘लोड बॅलन्सिंग’. सिस्टिम्स टीमनं तिथंही ‘झालं’ लिहिलं, कारण येणाऱ्या विनंत्या दोन सर्व्हरवर वाटण्याची सोय त्यांनी केली होती. इलेक्ट्रिकल बाजूला लोड बॅलन्सिंग म्हणजे तीन फेजवर, येणाऱ्या विजेच्या तीन तारांवर, रॅक समान वाटणं. ते राहिलंच होतं.

इथं एक भेद करायला हवा. १९९९ मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी गमावलं गेलं, त्यामागं एका बाजूचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत आणि दुसऱ्या बाजूची अपेक्षा न्यूटन-सेकंदांची, असा घोळ होता. तिथं दोघं एकाच राशीबद्दल बोलत होते, एकक वेगळं होतं. इथं राशीच वेगळ्या होत्या. पहिल्या प्रकारची चूक गुणाकारानं सुधारते. दुसऱ्या प्रकारात सुधारायला काही नसतंच, कारण प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलंच नसतं.

बॅटऱ्या आल्या तो दिवस

८० बॅटऱ्यांची गाडी सकाळी आली. हमालांच्या मुकादमानं लिफ्टची पाटी वाचली आणि फेऱ्यांचा हिशेब मांडला: बॅटरी ३० किलोची, एका फेरीत माणसासकट पंधराच्या वर नको. हिशेब करता करता तो पर्यवेक्षकांना म्हणाला, “साहेब, चोवीसशे किलो माल आहे. वर लोड चालतोय ना?”

पर्यवेक्षकांनी समन्वयकांना फोन केला. त्यांनी शीट उघडली. फ्लोअर लोड २४. चोवीसशे किलो म्हणजे २४ क्विंटल, आणि किलोन्यूटनमध्येही जवळपास २४ च. त्यांनी सांगितलं, “हो, चोवीसच धरलंय. मंजूर आहे.”

योगायोगानं जुळलेला आकडा न जुळलेल्या आकड्यापेक्षा घातक असतो. शीटमध्ये १८ किंवा ४० असतं तर प्रश्न तिथंच उभा राहिला असता.

गाडीतून निम्म्या बॅटऱ्या खाली उतरल्यावर मुकादमानं पुन्हा विचारलं, “मॅडमना विचारा, चोवीसमध्ये कपाटंपण आली का? ती वेगळी येणारेत ना?” कपाटं म्हणजे रॅक. समन्वयकांना उत्तर देता येईना. त्यांनी इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला फोन लावून विचारलं की २४ मध्ये नेमकं काय काय धरलंय. तो म्हणाला, “सगळं धरलंय मॅडम. सर्व्हर, स्विच, सगळं. चोवीस किलोवॉट.”

पहिला निर्णयाचा क्षण हा. गाडी दारात, हमालांची मजुरी चालू, शनिवार-रविवारी सर्व्हर हलवायचं सगळ्यांना कळवून झालेलं. बॅटऱ्या वर नेऊन ठेवाव्यात आणि सोमवारी इंजिनिअरला विचारावं, असं दोघांनी सुचवलं. समन्वयकांनी माल तळमजल्याच्या कोरड्या बाजूला, जमिनीवरच उतरवून घ्यायला सांगितलं आणि स्थलांतर पुढं ढकललं. संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि तो घेणाऱ्या व्यक्तीला तेव्हा एवढंच माहीत होतं की आपल्याला काय माहीत नाही.

समोरचे पर्याय

दोन दिवसांनी स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. त्यांच्याआधी पर्यवेक्षकांनी आपला हिशेब करून ठेवला होता. रॅक सरासरी ६५० किलोचे, सहांचे ३,९००. यूपीएस ५००. बॅटऱ्या २,४०० आणि त्यांच्या लोखंडी मांडण्या २००. एकूण ७,००० किलो, भागिले ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २.३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. मर्यादा ३ ची. मग अडचण कुठं आहे?

इंजिनिअरांनी खडूनं जमिनीवर बॅटरीच्या मांडणीचा चौकोन काढला: एक मीटर बाय ऐंशी सेंटिमीटर. त्या एवढ्याशा जागेवर १,३०० किलो. म्हणजे चौरस मीटरला सुमारे १६ किलोन्यूटन, आणि तेही मांडणीच्या चार पायांवर. रॅकखाली हाच आकडा नऊच्या आसपास. खोलीची सरासरी स्लॅबला कळत नाही. भार तुळईजवळ आहे की दोन तुळयांच्या मधोमध, यावर वाकण ठरतं, आणि खोलीच्या नकाशात बॅटऱ्या नेमक्या मधोमध होत्या, कारण तिथून केबल दोन्हीकडे सारख्या अंतरावर पडत होती. स्लॅब कोसळला असता असं ते म्हणाले नाहीत. तसं झालं असतं असं हा वृत्तांतही म्हणत नाही. ‘मी यावर सही करणार नाही,’ एवढंच ते म्हणाले.

मग पर्याय निघाले. यूपीएस आणि बॅटऱ्या खालीच, कोरड्या बाजूला चौथऱ्यावर ठेवून फक्त केबल वर न्यायची: वजनाच्या दृष्टीनं सर्वोत्तम, पण पाण्यापासून पळायला निघालेली अर्धी व्यवस्था पाण्यापाशीच राहिली असती. लिथियमच्या बॅटऱ्या घ्यायच्या: वजन बरंच उतरलं असतं, पण त्यांचे आगीचे धोके वेगळे, परवानग्या वेगळ्या, आणि यूपीएसचं मॉडेल त्यांना चालतं की नाही इथून सुरुवात. आहे तेच सामान पोलादी चौकटींवर ठेवून भार तुळयांवर न्यायचा: शक्य, पण १,३०० किलोंसाठी चौकट एवढी जड झाली असती की तिचंच वजन मोजावं लागलं असतं.

चौथा पर्याय सिस्टिम्स टीममधल्या एका कनिष्ठ अभियंत्याच्या प्रश्नातून आला. तिनं विचारलं, “पण आपण खरंच २४ किलोवॉट खातो का?”

लोडमधून लोड

जुन्या इंग्रजीत या शब्दाचं मूळ रूप ‘लाड’ असं होतं आणि त्याचा अर्थ वाट, प्रवास, वाहून नेणं. ओझं हा अर्थ नंतरचा. या प्रकरणात जुनाच अर्थ उपयोगी पडतो, कारण हे वेगवेगळे लोड एकमेकांपासून सुटे नव्हते, एकातून दुसरा निघत होता. सर्व्हरवरचं काम वाढलं की वीज वाढते. विजेतून उष्णता, उष्णतेतून एसीचे टन. विजेतूनच यूपीएसची क्षमता, तिच्यातून बॅटरीची क्षमता, तिच्यातून शिशाचं वजन आणि शेवटी स्लॅब. साखळीतली एकेक कडी एकेकाकडे होती आणि सगळे तिला लोडच म्हणत होते. म्हणून आपापल्या कडीच्या पुढं-मागं काय जोडलं आहे, हे विचारायची वेळ कुणावर आली नाही.

प्रश्नाचं उत्तर मोजून काढलं. महिनाअखेरीच्या हिशेबांच्या दिवसांत सर्व्हरचा लोड ॲव्हरेज सर्वांत चढा असतो, हे आलेखांवरून दिसत होतं. त्याच दिवसांत जुन्या खोलीतल्या यूपीएसच्या पडद्यावरचे आणि क्लॅम्प मीटरचे (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायच्या यंत्राचे) आकडे टिपले. एरवी १३ किलोवॉट, शिखरावर १५. पाट्यांची बेरीज २४. नऊ किलोवॉट कागदावरच होते.

पुढच्या वाढीसाठी जागा ठेवून १८ धरायचं ठरलं. यावर वाद झाला. कंत्राटदाराचं म्हणणं, पाटीचा आकडा धरणंच सुरक्षित, उद्या कुणी विचारलं तर बोट दाखवता येतं. त्यात तथ्य आहे, तारांच्या बाबतीत तर नक्कीच, म्हणून तारा आणि स्विचगिअर २४ वरच ठेवले. पण साखळीच्या दुसऱ्या टोकाला हीच ‘सुरक्षित’ वाढ स्लॅबवर बसणार होती. एका कडीतली सावधगिरी दुसऱ्या कडीत धोका होते, हे त्या बैठकीत पहिल्यांदा सगळ्यांना एकाच वेळी दिसलं.

काय केलं

बॅटऱ्यांची संख्या घटवता येत नव्हती. ४० बॅटऱ्या एकामागं एक जोडूनच त्या यूपीएसला लागणारे ४८० व्होल्ट मिळतात. क्षमता मात्र घटवता येत होती. १०० ऐवजी ४२ अँपिअर-अवरच्या, १४ किलोच्या बॅटऱ्या घेतल्या. जनरेटर मिनिटाभरात सुरू होतो. गरज अर्ध्या तासाची धरली होती आणि पुरवठादाराच्या तक्त्यांनुसार १८ किलोवॉटवर ती भागत होती. पुरवठादारानं माल बदलून दिला, थोडं नुकसान सोसावं लागलं. एका मांडणीचं वजन सुमारे ६६० किलोंवर आलं.

तरीही ते तेवढ्या जागेवर आठ किलोन्यूटनच्या घरात जात होतं, म्हणून चौकटी लागल्याच, पण आटोपशीर. बॅटऱ्या खांबाजवळच्या भिंतीकडे सरकल्या, रॅकची ओळ तुळईच्या रेषेवर आली. केबल लांबली. एसी ६.८ टनांऐवजी ५.१ टनांच्या हिशेबानं घेतले.

शीटमधला ‘लोड’ रकाना काढून ‘काय मोजलं’ आणि ‘एकक’ असे दोन रकाने आले. ‘लोड टेस्ट’ची एक ओळ मोडून तीन झाल्या. स्लॅबची प्रत्यक्ष चाचणी इंजिनिअरांना गरजेची वाटली नाही, त्या ओळीत त्यांनी ‘गणितानं तपासलं’ असं लिहून सही केली.

परिणाम

स्थलांतर सुमारे दोन महिने उशिरा झालं. सुरू करताना एका फेजवर दुसऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रवाह दिसला आणि दोन रॅकच्या लाइन बदलाव्या लागल्या. लोड बँकच्या चाचणीत एका बॅटरीचा सैल जोड तापलेला सापडला. जुन्या शीटनुसार ही चाचणी ‘पूर्ण’ होती.

सगळ्या लोडांच्या व्याख्यांची एक दोन पानी पुस्तिकाही काढली होती. ती कुणी वाचली नाही. लोक अजूनही लोडच म्हणतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही. बोलताना शब्द सैल असणारच. आकडा मागितला की एकक मागायची सवय मात्र टिकली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या बैठकीला तासभर बोलावणं, हे उघडच. पण त्याहून आधीची गोष्ट म्हणजे मोजणी. जुन्या खोलीत यूपीएसच्या पडद्यावर खरा आकडा सतत दिसत होता आणि रोज कुणीतरी त्याच्यासमोरून जात होतं. महिनाअखेर एकदा टिपून घेतली असती तर जड बॅटऱ्या मागवल्याच गेल्या नसत्या.

‘मंजूर’ या शब्दाकडेही बघायला हवं होतं. कुणी मंजूर केलं, कशासाठी केलं, हे त्या रकान्यात नव्हतं. वीजपुरवठ्याची मंजुरी आणि इंजिनिअरची सही एकाच शब्दात मावली.

मुकादमाचा पहिला प्रश्न एका योगायोगामुळे वाया गेला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं म्हणून पुढचं टळलं. तो कुणाच्याही यादीत ‘जबाबदार व्यक्ती’ नव्हता.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे. नवा रॅक आणायचा तर अर्जात वजन आणि जागा भरल्याशिवाय तो पुढं सरकत नाही. पण आधीच्याच रॅकमध्ये एकेक करून सर्व्हर आणि डिस्कचे संच भरले जातात, तेव्हा वजन हळूहळू वाढतं. सिस्टिम्स टीम रॅकमधल्या मोकळ्या खाचा मोजते, कंत्राटदार अँपिअर मोजतो. किलो कुणी मोजायचे, हे ठरलेलं नाही.